लोण्याचा हात

पळसदरीच्या ठकूबाईला माणसं तोंडावरून कधी ओळखूच आली नाहीत. कर्जतच्या बाजारात समोरून एखादी "काय गं ठकू, बरी हायेस ना?" म्हणाली, की ही आधी तिच्या हाताकडं बघायची आणि मग म्हणायची, "हां, तू कोंडाण्याची. भाजल्याचा डाग." चोवीस वर्षं तिनं पाटीत बांगड्या घेऊन पळसदरी, कोंडाणे, पोशीर, खाली खालापूरपर्यंतच्या वस्त्या पायाखाली घातल्या होत्या. तोंडं बदलतात. सुरकुततात, दात पडतात. हात मात्र तेच राहतात.

बांगडी भरणं म्हणजे दांडगाई नव्हे. चारी बोटं जुळवून धरायची, अंगठा तळव्यात दुमडायचा, आणि अंगठ्याच्या मुळाशी जे हाड असतं ते असं दाबायचं की बाईला कळायच्या आत बांगडी पलीकडं. ते हाड हीच बांगडीची वेस. वेस ओलांडली की पुढं मनगटाचं मोकळं रान.

आता ठकूबाई काही कासाराघरची नव्हती. छप्पन साली ज्यांनी दीक्षा घेतली त्यांतलं तिचं घर. त्याआधी या भागात एक कासार यायचा. वरच्या आळीत ओट्यावर बसून बायकांचे हात गुडघ्यावर घेऊन, ख्यालीखुशाली विचारत बांगड्या भरायचा. तोच खालच्या वस्तीत आला की दहा हात लांब बसायचा. बांगड्या सुपात टाकायच्या, सूप पुढं ढकलायचं. ज्याच्या त्यानं भरून घ्यायच्या, फुटल्या तर ज्याच्या त्याच्या. दीक्षेनंतरच्या लग्नसराईत बायकांनी ते सूप होतं तसं परत ढकललं. कासार म्हणाला, "मग ऱ्हावा बुच्च्या हातानं." आणि राहिल्या की त्या.

ठकूबाई तेव्हा विशीतली. तिचा नवरा धर्माजी रेल्वेच्या गँगवर. त्याला घेऊन ती कल्याणला गेली आणि बांगड्यांच्या चार माळा उचलून आली. आठ दिवस साबण लावून स्वतःच्याच डाव्या हातावर शिकली. दीड डझन फोडल्या.

"भरतीस का मोडतीस?" धर्माजीनं विचारलं.

"मोडल्याबिगार भरता येत नाय," ती म्हणाली आणि रक्त चोखत बसली.

पहिला फेरा पोशीरला, एका लग्नात. पाटी मांडली, बायका भोवती जमल्या, पण हात कोणी पुढं करीना. चिरला तर? शेवटी चंद्रभागा म्हणून एक बाई होती, मांडीवर चार महिन्यांचा पोरगा, तिनं डावा हात पुढं केला. "भर गं. मोडला तर उजवा हायेच." ठकूबाई घाईनं पाटी चाचपू लागली. त्या घाईत हातात अडीचाची म्हणून सव्वादोनाची बांगडी आली. दोन मापं लहान. आणि ती गेली. ना तेल, ना साबण, ना दाबणं. पाण्यात पाय घालावा तशी गेली. बायका बघतच राहिल्या. "बया, ठकूच्या हाताला गुण हाय." दहा हात पुढं आले, मग वीस. मग शेजारच्या वस्तीतून बोलावणं आलं. असा धंदा उभा राहिला.

चंद्रभागेला उजव्यात मात्र अडीचाचीच लागायची. तिच्या डाव्या हाताला त्या दिवसापासून नाव पडलं, लोण्याचा हात. त्याचा तिला तोरा होता. पुढं घरात सून आली तेव्हा तिचे हात बघून म्हणाली होती, "हात हाय का वल्हं?"

ठकूबाईला लिहिता येत नव्हतं, पण मापं पाठ ठेवायला तिच्याकडं दोऱ्या होत्या. गावागणिक एक दोरी, बाईगणिक एक गाठ. दोन्ही हातांची मापं फारच निराळी असली तर गाठीवर दुसरी गाठ. बाई मेली तरी तिची गाठ ती सोडत नसे. "गेली म्हनून माप थोडंच बदलतं," म्हणायची.

एक्याऐंशी साली, भात झोडून झाल्यावर, चंद्रभागेच्या सुनेला सातवा लागला. सुनेचं नाव आवडी. मांडीवरचा तो चार महिन्यांचा पोरगा, सहदेव, त्याची बायको. सातव्यात हिरवा चुडा भरायची रीत, म्हणून ठकूबाई पोशीरला गेली. आवडीचे हात जाड, अंगठ्याचं हाड म्हणजे आवळा. तिसऱ्या बांगडीला ठकूबाईनं तो अंगठा जरा जोरात दाबला. "आई गं," आवडी म्हणाली. बायका हसल्या. "आत्ताच आई आठवली? अजून दोन म्हयने हायेत." बांगडी गेली, चुडा भरून झाला. ते "आई गं" मात्र सगळ्यांनी ऐकलेलं होतं.

आवडीचं माहेर पळसदरीलाच, ठकूबाईच्या चार घरं पलीकडं. बाळंतपण तिथंच झालं. सुईणीनं पोर घट्ट गुंडाळून दिलं, "पोरगी हाय" एवढंच बोलली आणि चहा न घेता गेली. बाराव्या दिवशी चंद्रभागा सहदेवाबरोबर नात बघायला आली. गुंडाळलेलं सोडलं. डाव्या हाताला चार बोटं होती, अंगठा नव्हता. कोपरापासून हात आखूड. उजव्याला अंगठा होता, पण तो पाचवं बोट असल्यासारखा बाकीच्यांच्या रांगेत उभा. रडायला लागली की पोरीचे ओठ जांभळासारखे व्हायचे.

चंद्रभागेनं पोर पुन्हा गुंडाळलं. मग म्हणाली, "ह्ये ठकूचं काम हाय. सातव्यात तिनं आवडीचा अंगठा चेचला. आयेचा दाबला, पोरीचा गेला."

"आये, असं कुटं असतं काय?" सहदेव म्हणाला.

"मग कसं असतं ते तू सांग. गिराण-बिराण पाळायचं आपण सोडलं, ते मी बोलत नाय. ह्ये मी माज्या डोळ्यांनी बगितलंय. तिनं दाबला, ही वरडली. तूच म्हनतोस ना, बगितल्याबिगार कायबी मानायचं नाय?"

चंद्रभागा त्याच पावली पोशीरला परतली. सुनेला कधी न्यायचं, त्याबद्दल अवाक्षर नाही.

बोलणं ठकूबाईच्या पाटीपेक्षा जोरात चालतं. पुढच्या फेऱ्याला कोंडाण्याला गेली, तर एका पोटुशीनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "मला नगं. माज्या सासूला भर." सासू म्हणाली, "मला बी नगं बाई, घरात पोटुशी हाय." पोशीरला तर पाटी खाली ठेवायलाच कोणी सांगितलं नाही. पळसदरीत भीमाबाई म्हणून तिची जुनी शेजारीण, तीसुद्धा म्हणाली, "माज्या धाकट्या सुनेला सातवा लागंल आता. कर्जतच्या दुकानातनं आनीन म्हनते. राग मानू नको."

ठकूबाई रडली-बिडली नाही. तिला निराळाच किडा चावला. खरंच असं होतं का? आपण अंगठा दाबला आणि पोटातल्या पोराचा गेला, असं होत असेल का? होत असेल तर पाटी तळ्यात बुडवायला ती तयार होती. पण आधी कळायला हवं. तिनं दोऱ्या काढल्या आणि सातव्यात चुडा भरलेल्या एकेकीची गाठ चिमटीत धरून पोरं आठवत बसली.

"भीमाबाईच्या थोरलीचा तर मी असा दाबलेला, चार दिस सुजला व्हता," ती धर्माजीला म्हणाली. "तिचा पोर दोनी अंगठ्यांनी चिच्चेचं बोटूक सोलतो. चोवीस वर्सांत एवढ्या जनींचे दाबले, समदी पोरं बिनअंगठ्याची पायजे व्हती."

"मग सांग की जाऊन."

"सांगून कोन ऐकतंय. माज्यामुळं नाय, येवढं मला कळलं. मग कशामुळं, ते कळाय नको?"

"तुला काय करायचंय?"

"माज्या नावावर घातलंय. बगायला नको?"

दुसऱ्या दिवशी ती आवडीकडं गेली. आवडीनं पोर तिच्या मांडीवर दिलं आणि भिंतीला टेकून बसली. "बग. तुजंच काम म्हनतात."

"माजं काम मला वळखू येतंय का बगू दे."

तिनं पोरीचा डावा हात घेतला. बघायला म्हणून नाही, भरायला घेतात तसा. चार बोटं जुळवली आणि अंगठ्याचं मूळ असतं तिथं दाबलं. वेसच नाही. हाड नाही, मांसाचा उंचवटा नाही. तळवा सरळ मनगटात उतरलेला. ठकूबाई थांबली. डोळ्यांना हा हात नवा होता, पण तिच्या बोटांना नव्हता. बोटं म्हणत होती, असा हात आपण धरलाय. पुष्कळदा धरलाय.

चंद्रभागेचा.

चंद्रभागेला अंगठा होता, पण काडीसारखा बारीक, आणि मुळाशी हे असंच सपाट. त्यालाच इतकी वर्षं सगळे लोणी म्हणत होते.

घरी येऊन तिनं पुन्हा दोऱ्या पसरल्या. या वेळी गाठीवर गाठ असलेल्या तेवढ्या बायका शोधल्या. चारच निघाल्या. पोशीरची चंद्रभागा. कोंडाण्याची तिची थोरली बहीण. त्या बहिणीची लेक, खालापूरकडं दिलेली. आणि कोंडाण्याचीच एक म्हातारी, मरून नऊ वर्षं झालेली, चंद्रभागेची आई. भात लावता लावता चिखलात बसली ती उठलीच नाही. चौघींचेही लोण्याचे हात आणि चौघी एका वेलाच्या.

पण मग गाडी अडली. चंद्रभागेकडून पोरीकडं यायचं तर वाट सहदेवावरून जाते. आणि पुरुषाचा हात ठकूबाईनं कधी धरलेला नव्हता.

रविवारी सहदेव बायकोला भेटायला आला. ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. ठकूबाई समोर जाऊन बसली आणि टक लावून बघत राहिली. माणसं तंबाखू अंगठ्यानं मळतात. हा मधल्या बोटानं मळत होता.

"काय गं मावशे, चिमूट पायजे काय?"

"तंबाखू ऱ्हाऊ दे. अंगठ्यानं मळ की."

"मला नाय येत. आडवाच पडत नाय तो."

"हात दाव."

त्यानं हसत हात पुढं केला. अंगठा लांब, सडपातळ. ठकूबाईनं पेरं मोजली. बोटाला तीन पेरं असतात, अंगठ्याला दोन. याच्या अंगठ्याला तीन होती.

"ह्ये एक पेर लईच हाय की रं."

"ते तर पयल्यापास्नं हाय. मास्तरनं लई हाणलंय मला त्याच्यापायी. पेरावर मोजायला सांगायचा, समद्यांची एका हाताची चौदा, माजी पंधरा. म्हनायचा, गाढवा, नीट मोज. मी नीटच मोजायचो." मग त्याचं हसू थांबलं. आत पाळण्यात पोरगी कुरकुरत होती. तिच्या उजव्या हाताचा अंगठा त्याच्या डोळ्यांपुढं आला असणार. "मावशे," तो हळू म्हणाला, "म्हंजे माजं हाय ह्ये?"

"तुजं हाय का तुज्या आयेचं, ते मला कळत नाय. कर्जतला चल. तिथल्या बाईंना इचारू."

कर्जतला सरोजिनीबाईंचा दवाखाना होता. जुन्या शहरी घरातल्या डॉक्टर, हातात एक घड्याळ तेवढं, बांगडी नाही. त्यामुळं ठकूबाईला त्यांच्याबद्दल फारसं मत नव्हतं. पण बाईंनी आवडीच्या मांडीवरच्या पोरीची छाती नळीनं इतका वेळ ऐकली की ठकूबाई वरमली. मग बाईंनी सहदेवाचे हात पाहिले, अंगठ्याशी थांबल्या, आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे असं?"

ठकूबाईनं कमरेच्या दोऱ्या सोडून टेबलावर ठेवल्या. "ही पोशीरची. ह्या दोन कोंडाण्याच्या, यातली एक मेली. ही खालापूरची. डावा हात उजव्यापरीस दोन मापं बारीक."

बाईंनी कागद ओढला. बाईसाठी गोल, माणसासाठी चौकोन असं काढत गेल्या, गोलांतून रेघा खाली आणल्या, आणि शेवटी कागद आणि दोऱ्या शेजारी ठेवून हसल्या. "मी कागदावर काढलं ते तुम्ही कमरेला बांधून फिरताय की."

"पर ह्ये हाय काय?"

"एक दुर्मीळ दोष आहे. हाताचा आणि हृदयाचा, दोन्ही एकदम. वीसेक वर्षांमागं विलायतेत दोन डॉक्टरांनी लिहून ठेवला, त्यांच्याच नावानं ओळखतात. मी पुस्तकात वाचला होता. पाहत आहे आज."

"हात कुटं नि काळीज कुटं. दोनी एकदम कसं?"

"पोटात दोन्ही एकाच वेळी घडतात म्हणून. बीजातच एक चूक असते, ती दोन्हीकडं उतरते. कुणाला थोडी, कुणाला फार. आजीला नुसता बारीक अंगठा, नातीला अंगठाच नाही."

"कवा घडतात?" ठकूबाईनं विचारलं. एवढं ऐकायलाच ती आली होती.

"दुसऱ्या महिन्यात. तो संपता संपता हात घडून झालेला असतो. का?"

"मी चुडा सातव्यात भरला."

बाईंना आधी कळेना. सहदेवानं अडखळत सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत, ते ठकूबाईला बरं वाटलं. "तुम्ही पोचलात तेव्हा तिथलं काम केव्हाच संपलं होतं," त्या म्हणाल्या.

"म्हंजे मी गेले तवा दुकान बंद," ठकूबाई म्हणाली.

आवडी पोरीला गुंडाळत होती. तिनं विचारलं, "पुडचं पोर?"

"प्रत्येक खेपेला निम्मं निम्मं. येईल किंवा येणार नाही. तू काय खाल्लंस, कोणी काय दाबलं, याच्यावर काही नाही." मग बाईंनी पोरीबद्दल सांगितलं. हृदयात पडदा असतो, त्याला भोक आहे. मुंबईच्या मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी देते, तिथं बघू द्या. अशी मुलं जगतात, मोठी होतात. सहदेवाची छाती ठीक वाटली. "पण यांच्या आईला आणा. लवकर. तिला कधी चक्कर येते का?"

सहदेव म्हणाला, नाही. ठकूबाई म्हणाली, हो. गेल्या साली चंद्रभागा विहिरीवर पडली होती, ऊन लागलं म्हणून सोडून दिलं. आणि बांगडी भरताना तिची नाडी ठकूबाईच्या बोटाखाली मध्येच थांबायची, चालता चालता ठेच लागावी तशी, आणि पुन्हा चालू व्हायची. इतकी वर्षं तिला वाटत होतं, लोण्याच्या हाताची नाडी अशीच असत असेल.

दुसऱ्याच दिवशी ती पाटी घेऊन पोशीरला गेली. चंद्रभागा दारात तांदूळ पाखडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"कशाला आलीस?"

"बांगड्या भरायला."

"मला नगंत."

"ठाव हाय. डावा हात दे. फुकट भरते."

चंद्रभागेनं सूप ठेवलं. चोवीस वर्षांची सवय; हात पुढं आलाच. ठकूबाईनं अडीचाची घातली. ती गेली, आणि हात खाली सोडल्याबरोबर घरंगळून सुपात पडली.

"ही आवडीच्या मापाची. माज्या बी मापाची. तुज्या हातात ऱ्हात नाय. का ऱ्हात नाय?"

"लोण्याचा हात हाय म्हनून."

"लोण्याचा नाय गं. हाडच नाय तिथं. बग दाबून. आन् मग नातीचा हात आठव."

चंद्रभागेनं उजव्या हातानं आपला डावा अंगठा मुळाशी दाबला. मग उजवाही चाचपला. मग पुन्हा डावा. ठकूबाईनं दोऱ्या, डॉक्टरीणबाई, सहदेवाची पंधरा पेरं, सगळं सांगितलं.

"म्हंजे माजं पाप," चंद्रभागा म्हणाली.

"पाप कसलं? तुज्या आयेचं तसंच व्हतं. तिच्या आयेचं मला ठाव नाय, तवा मी बांगड्या विकत नव्हते."

"लोक माज्याकडं बोट दावतील."

"आत्ता माज्याकडं दावतात. मी मेले काय?" ठकूबाईनं सुपातली बांगडी उचलून घेतली. "आन् आजून एक सांगते, कुनाला सांगितलं नाय. त्या पयल्या दिशी मी चुकून बारीक बांगडी उचललेली. गेली ती तुज्या हातामुळं. लोक म्हनले, ठकूला गुण हाय. मी गप बसले. चोवीस वर्सं तुज्या अंगठ्याचं खाल्लं मी, आन् त्याच अंगठ्यानं तू माजी पाटी उलटी केलीस."

चंद्रभागेच्या तोंडाचा कोपरा हलला. "खाताना बरी गप व्हतीस."

"व्हते की. तुजी नाडी आडते, त्यावर बी गप व्हते. ते माजं चुकलं. डॉक्टरीण बोलावतीया तुला. तुजी आये चिखलात बसली तशी तू बसू नको."

चंद्रभागेनं सूप उचललं आणि पाखडायला लागली. "जा आता. गाडी जाईल तुजी," ती म्हणाली. ठकूबाई निघाली. होकार नाही, नकार नाही.

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी दुपारी ठकूबाई ओट्यावर बांगड्या पुसत बसली होती. भीमाबाई गप्पांना आली होती, बरोबर तिची धाकटी सून, सातवा लागलेली, हात पदराखाली. आणखी दोघी-तिघी होत्या. स्टेशनकडून चंद्रभागा चालत येताना दिसली. आली, कोणाशी न बोलता ठकूबाईसमोर बसली, आणि डावा हात पुढं केला.

"भर."

"कुठलं माप?"

"माजं. सव्वादोन."

ठकूबाईनं भरली. चंद्रभागेनं हात वर करून सगळ्यांना दाखवला. "बगून घ्या. अंगठ्याला हाड नाय. मला लोणी वाटायचं. माज्या आयेचं माज्यात आलं, माजं सहदेवात, सहदेवाचं पोरीत. ठकूनं दाबला म्हनून मी बोलले, ते चुकीचं बोलले." मग भीमाबाईकडं वळून, "चोवीस वर्सं मला हाताचा तोरा व्हता, तो आता नातीनं फेडायचा."

"तोरा तर व्हताच," भीमाबाई म्हणाली. "माज्या हाताला मुसळ म्हनलेलीस."

"मुसळच हाय ते. मी कुटं नाय म्हनते." ती उठली. "आवडीला सांगा, कापडं बांध म्हनावं. आधी कर्जतला जाऊ बाईंकडं, तितनं घरी." आणि आवडीच्या घराकडं गेली. थोड्या वेळानं बाहेर आली तेव्हा पोर तिच्या डाव्या हातावर होतं, आणि पोरीची चार बोटं तिच्या बारीक अंगठ्याला धरून होती.

भीमाबाईची धाकटी ते बघत होती. तिनं पदराखालून हात काढले. आपला अंगठा एकदा वाकवून पाहिला, सरळ करून पाहिला, आणि मग हात ठकूबाईच्या पुढं धरला.

"मावशे, हळू दाब पर."

"हळू दाबलं तर जात नाय," ठकूबाई म्हणाली आणि साबण शोधायला लागली.